आतूनही निळं

मांजर न्यायच्या पिंजऱ्यात टॉवेल अंथरलेला, त्यावर कोंबडी, आणि पिंजऱ्यावर चिकटवलेल्या कागदावर तिचं नाव: प्रिमरोज.

केंब्रिजपासून गाडीने अर्ध्या तासावर असलेल्या एका गावातल्या प्राण्यांच्या दवाखान्यात मी साहाय्यक आहे. शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजची पदवी आहे माझ्याकडे, पण रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सची परीक्षा पास होईपर्यंत इथे मी डॉक्टर नाही. जनावर धरायचं, वजन करायचं, फॉर्म भरायचे, लाद्या पुसायच्या. त्या पावसाळी सोमवारी पिंजरा घेऊन आले ते ऐंशीच्या घरातले एक आजोबा.

"दोन दिवस अंडं नाही. कालपासून अशी उभी आहे," ते म्हणाले.

अशी म्हणजे पेंग्विनसारखी. छाती वर, शेपूट खाली, पाय फाकलेले आणि दर थोड्या वेळाने शेपटीला एक हिसका. अंडं अडकलं होतं, हे माझ्या लक्षात आलं. पण तोंडातून शब्द काढला नाही. माझं काम धरायचं.

पदवीनंतर तीन वर्षं मी अंड्यांच्या पोल्ट्रीवर डॉक्टर होते. एका शेडमध्ये दहा हजार पक्षी. तिथे कोंबडी आजारी पडत नाही, मरतूक वाढते. तीन मेलेल्या आणि दोन मरायला टेकलेल्या उचलायच्या, शेडमागच्या कट्ट्यावर फाडून बघायच्या आणि औषध उरलेल्या सगळ्यांच्या पाण्यात सोडायचं. आजारी कोंबडी म्हणजे नमुना. त्या एकीला वाचवायचं, हे त्या हिशेबात बसतच नाही. सांगायला लाज वाटते, पण प्रिमरोजला पिंजऱ्यातून काढताना माझ्या बोटांनी सवयीने आधी तिची मान चाचपली.

आजोबांच्या ते लक्षात आलं नसावं. ते फॉर्मवर सही करत होते. मी नेहमीचे प्रश्न विचारले. पक्ष्यांची नोंद केली आहे का? (1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंडमध्ये एकच कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते, बर्ड फ्लूमुळे.) खायला काय? लेयर पेलेट्स, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्याच्या गोळ्या. घरातलं उरलंसुरलं? यावर आजोबांनी मान वर केली आणि मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. इथे स्वयंपाकघरातलं खरकटं कोंबड्यांना घालणं बेकायदा आहे; अख्खं घर व्हीगन असेल तरच चालतं. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात हा कायदा लावला, तर सगळ्या आयाबाया आत जातील.

एक्स-रेमध्ये अंडं स्वच्छ दिसलं, मोठं, पूर्ण कवच धरलेलं. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि मला कोमट पाण्याचा टब भरायला सांगितला. "वीस मिनिटं. तिच्याशी बोल," म्हणाल्या. कोंबडीशी काय बोलायचं? मी मराठीतच बोलले. पहिल्यांदाच मी एखादी कोंबडी एवढा वेळ नुसती धरून बसले होते, म्हणून ती नीट बघितलीही. डोक्यावर झुलपांसारखी मागे पडलेली पिसं, त्यापुढे एका डोळ्यावर कलंडलेला तुरा. मानेवर साईच्या रंगाची पिसं, छाती फिकट गुलाबी, पाठीवर राखाडी धूसर पट्टे, पाय पिवळे. जात क्रीम लेगबार. हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पाण्याने गुण आला नाही. गरम खोलीत अंधार करून तासभर ठेवली, तरी नाही. मग तिला टेबलावर घेतलं. व्हेंटमधून, म्हणजे अंडं बाहेर येतं त्या मार्गातून, अंड्याचं टोक नाण्याएवढं दिसायला लागलं होतं. ते बघून मी दचकले. ते टोक निळसर हिरवं होतं, आणि आजवर मृत कोंबड्यांच्या पोटात हा रंग मी सडण्याचा म्हणूनच पाहिला होता. मी मान हलवली. डॉक्टरीणबाई हसल्या. "काही झालेलं नाही. हिचं अंडं निळंच असतं."

त्यांनी कवचाला सुईने भोक पाडून आतलं सगळं सिरिंजने ओढून घेतलं. रिकामं कवच हलकेच चेपलं आणि भरपूर जेल लावून एकेक तुकडा बाहेर काढला. मी दोन्ही हातांनी प्रिमरोजला धरून होते. तिचं काळीज माझ्या तळव्याखाली शिलाई मशीनसारखं धडधडत होतं. शेवटचा तुकडा निघाला तशी ती मोठ्याने ओरडली, आपल्याकडे अंडं घातल्यावर कोंबड्या गाव गोळा करतात तशी. बाहेर बसलेल्या आजोबांना तो आवाज ऐकू गेला असणार, कारण लगेच दारावर टकटक झाली.

तुकडे फेकायला गेले आणि थांबले. एक उलटा पडला होता. आतूनही निळा.

ब्राऊन अंड्याचं टरफल उलटून बघा, आतून पांढरं असतं. तो तपकिरी रंग कवच तयार होत आल्यावर शेवटच्या काही तासांत वरून चढतो. निळ्या अंड्याचं तसं नाही. त्याचं रंगद्रव्य बिलिव्हर्डिन. मुका मार लागल्यावर कातडी काळीनिळी होते आणि मग हिरवट पडते, त्या हिरवटपणामागचं हेच द्रव्य. ते कवचात आरपार मुरतं. निळ्यावर तपकिरीचा हात फिरला, की अंडं हिरवं. आणि या निळाईचं मूळ एका विषाणूत आहे, हे 2013 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. फार पूर्वी एका रेट्रोव्हायरसने कोंबडीच्या जनुकांमध्ये घुसून ठाण मांडलं आणि तिथल्या एका जनुकाला कवच बनवणाऱ्या ग्रंथीत कामाला लावलं. चिलीच्या कोंबड्यांत हे एकदा घडलं आणि चीनच्या काही कोंबड्यांत पुन्हा स्वतंत्रपणे. माझं अख्खं करिअर विषाणू शेडबाहेर ठेवण्यात गेलं होतं!

हे सगळं मला त्या दिवशी माहीत नव्हतं. निम्मं नंतर वाचलं आणि निम्मं आठवड्याने आजोबांकडून कळलं.

त्या दिवशीचं बिल मी आमच्या गावात सांगणार नाही. दोन शेळ्या आल्या असत्या. आजोबांनी ते निमूट भरलं आणि औषधांमुळे किती दिवस अंडी खायची नाहीत ते लिहून घेतलं. नाव असलेली, सोफ्यावर बसणारी कोंबडीही कायद्याने इथे अन्न देणारं जनावरच असते.

आठवड्याने ते तपासणीला आले तेव्हा प्रिमरोज पिंजऱ्यात होती आणि काखेत बुटांचं खोकं. त्यात गरम पाण्याच्या पिशवीवर एका दिवसाची अकरा पिलं, तिच्याच आधीच्या अंड्यांची, इन्क्युबेटरमध्ये उबवलेली.

"तुम्ही पोल्ट्रीवर होता ना? सांगा, कोंबडे किती?"

मी नर्व्हस झाले. हॅचरीत हे काम करणारे वेगळेच लोक असतात. प्रखर दिव्याखाली पिलू उलटं करून व्हेंट दाबतात, क्षणभर बघतात आणि डावीकडे किंवा उजवीकडे टाकतात. मला ते कधीच जमलं नाही. आजोबा म्हणाले, "उलटं नका करू. वरूनच बघा." बघितलं. काही पिलांच्या पाठीवर खारीसारखे ठसठशीत गडद पट्टे होते, डोळ्याकडून काजळाची रेघ ओढल्यासारखी. बाकीची फिकट, पट्टे पुसट, डोक्यावर पांढुरका ठिपका. पट्ट्यांच्या त्या सहा माद्या, फिकट पाच नर. बारा सेकंदही लागले नाहीत.

"हे कुणी केलं माहीत आहे?" आजोबांनी विचारलं. "आमच्या केंब्रिजच्या पनेटने."

पनेट? पनेट स्क्वेअरवाला? आईबापांची जनुकं पिलांत कशी उतरतील ते मांडायच्या त्या चौकोनाने पहिल्या वर्षाला जेनेटिक्सच्या पेपरात आम्हाला रडवलं होतं, आणि तो माणूस कोंबड्या पाळायचा हे कुणी सांगितलं नव्हतं! रेजिनाल्ड पनेट 1912 मध्ये केंब्रिजला जेनेटिक्सचे प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई असताना त्यांनी सुचवलं, की पिलांचे नर रंगावरून पहिल्याच दिवशी ओळखले तर त्यांच्यावर जाणारं खाद्य वाचेल. पुढे मायकेल पीझ यांच्याबरोबर त्यांनी जन्मतःच नर-मादी कळणाऱ्या जाती तयार केल्या. 1930 च्या आसपास क्लॅरन्स एलियट नावाचे वनस्पतींचे संग्राहक दक्षिण अमेरिकेतून झाडांबरोबर चिलीच्या निळ्या अंड्यांच्या कोंबड्याही घेऊन आले आणि त्या पनेट यांच्याकडे गेल्या. निळा रंग वारशाने कसा उतरतो ते पनेट यांनी 1933 मध्ये मांडलं. तेच रक्त पुढे प्लिमथ रॉक आणि लेगहॉर्नच्या संकरात मिसळून क्रीम लेगबार झाली. तिची मानकं 1958 मध्ये मान्य झाली.

टिश्यू पेपरवर मी चौकोन काढला, बारा वर्षांनी. नर-मादी ठरवणारी गुणसूत्रं कोंबड्यांत आपल्या उलटी असतात: नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू. पट्ट्यांचं जनुक झेडवर. नराला त्याचे दोन डोस मिळतात म्हणून तो जास्त फिका, मादीला एकच म्हणून ती गडद. आजोबांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. डॉक्टरीणबाईंनी वाकून पिलं बघितली आणि मला म्हणाल्या, "यापुढे कोंबडी आली की तूच आधी बघायचीस."

तो उलटा तुकडा मी धुऊन ठेवला होता. रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. आईच्या खुराड्यात आयुष्यभर कोंबड्या. बाजारात पांढरी अंडी चहापत्तीत रंगवून गावरान म्हणून विकणारे तिने बघितले आहेत.

"रंग लावलाय गं. नखाने खरवड."

खरवडलं. खालीही निळंच. मोडून दाखवलं, आतून दाखवलं. ती जरा वेळ गप्प झाली.

"खुडूक बसते का ती?"

"फारशी नाही, आई. लेगहॉर्नच्या वळणाची आहे. त्यांनी पिलं मशीनमध्ये काढली."

"मग कशाला एवढं कौतुक," आई म्हणाली आणि खुराडं लावायला उठली.