‘आता!’ म्हटलं की हात खाली जातो

तिसऱ्या गोळीला आवाजच झाला नाही. नुसतं टक्. आणि त्या शांततेत मी माझ्या डोळ्यांनी बघितलं की पिस्तुलाची नळी गपकन खाली गेली, खाली आणि थोडी डावीकडे, मनगट एकदम ताठ, खांदा पुढे आलेला, समोरून कोणीतरी ढकलणारे आणि आपण आधीच जोर लावून उभे आहोत असं. सरांनी मॅगझिन स्वतः भरून दिलं होतं आणि पाचातली दोन डमी (दारू नसलेली, नकली) काडतुसं मध्येच कुठेतरी घुसवली होती. मला माहीत नव्हतं कुठली.

सवयीप्रमाणे पिस्तूल टार्गेटकडेच धरून ठेवलं (टक् झालं म्हणून लगेच इकडेतिकडे वळवायचं नाही, काडतूस खरं असेल तर उशिरा पेट घेऊ शकतं, त्यामुळे निदान अर्धा मिनिट तोंड समोरच) आणि मागून सर म्हणाले, "बघितलंस ना? आता सांग, कशाला दचकलीस? आवाज तर झालाच नाही."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तोपर्यंत मला पक्कं वाटत होतं की मी आवाजाला दचकते.

थोडं मागे जाऊन सांगते. मी सुरुवात केली १० मीटर एअर पिस्तूलवर, तिथे ना मोठा आवाज ना झटका, ट्रिगर ५०० ग्रॅमचा, सगळं हलकं. मग पॉइंट टू टू (०.२२ इंची गोळीचं पिस्तूल) घेऊन २५ मीटरवर आले आणि पहिल्या महिन्यातच गोळ्या सात वाजता जायला लागल्या. म्हणजे घड्याळाच्या तबकडीवर सात जिथे असतो तिथे, खाली डावीकडे. उजव्या हाताने मारणाऱ्याची ही अगदी ठरलेली जागा आहे, कुठल्याही रेंजवर नवीन माणसांची टार्गेटं बघा, तिथेच भोकांचा झुबका दिसेल. मी काय केलं तर रिअर साईटचे (नेम धरायच्या मागच्या खाचेचे) क्लिक फिरवले, वर आणि उजवीकडे. दोन दिवस बरं वाटलं. मग ज्या गोळ्या नीट सुटत होत्या त्या एक वाजता जायला लागल्या, आणि आता माझ्याकडे दोन झुबके झाले. कोणाला सात वाजताचा त्रास असेल तर कळकळीने सांगते, साईटला हात लावू नका. आधी कोणीतरी अनुभवी माणसाला तेच पिस्तूल मारायला द्या, त्याच्या गोळ्या मध्ये जात असतील तर साईट बरोबर आहे आणि बोटाचं काम बाकी आहे.

आता आवाजाचं. पॉइंट टू टूची गोळी नळीतून बाहेर पडायला साधारण एखाद-दोन मिलिसेकंद लागतात. आवाज ऐकून माणसाने काही करायचं म्हटलं तर दीडशे-दोनशे मिलिसेकंद तरी जातात, अगदी दचकून पापणी मिटायलासुद्धा तीस-चाळीस मिलिसेकंद लागतात. मग आवाज ऐकून माझा हात खाली गेला असेल तर गोळीवर त्याचा परिणाम होणारच नाही ना, ती कधीच गेलेली असते! गोळी खाली लागतेय म्हणजे हात आवाजाच्या आधी हललाय. मी झालेल्या धक्क्याला दचकत नव्हते, येणाऱ्या धक्क्याला दचकत होते. आणि खऱ्या गोळीच्या वेळी हे दिसत नाही कारण रिकॉइल (गोळी सुटताना बसणारा धक्का) पिस्तूल वर उचलतं आणि आपला खालचा झटका त्यात झाकला जातो, वरून डोळाही मिटलेला असतो. डमी काडतुसाने फक्त ते झाकण काढलं.

बरं, येणारा धक्का मला कळतो कुठून? तर मीच ठरवते म्हणून कळतो. इथे माझी सगळी गाठ होती. पिस्तूल उचललं की हात हलतो, कोणाचाही हलतो, फ्रंट साईट (नळीच्या टोकाची, पुढची) टार्गेटच्या मधल्या काळ्या वर्तुळाखाली डोलत असते आणि डोलता डोलता ती मधोमध आली की डोक्यात कोणीतरी ओरडतं ‘आता!’. त्या ‘आता’ला बोट एकदम झटकतं, आणि नुसतं बोट नाही, अंगठा, खालची तीन बोटं, मनगट, सगळी मूठच आवळली जाते, कारण शरीराला पक्की बातमी मिळालेली असते की धक्का येतोय, तयार राहा. म्हणजे दचकणं आणि ट्रिगर झटकणं ही मला दोन वेगळी दुखणी वाटत होती, पण एकाच ‘आता’च्या पोटातून दोन्ही येत होती.

सरांनी मग कागदावर एक हिशोब करून दाखवला तो मला अजून पाठ आहे. आमच्या पिस्तुलात पुढची साईट आणि मागची साईट यांच्यात जास्तीत जास्त २२० मिलिमीटर अंतर असतं. समजा हात डोलला आणि पूर्ण पिस्तूल एक सेंटिमीटर सरकलं, पण दोन्ही साईट एका रेषेत राहिल्या, तर २५ मीटरवर गोळी पण साधारण एकच सेंटिमीटर सरकते. दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं आहे, म्हणजे दहाच. आता समजा हात अजिबात डोलला नाही, फक्त बोटाच्या झटक्याने फ्रंट साईट खाचेत एक मिलिमीटर खाली गेली. २५ मीटर भागिले २२० मिलिमीटर, म्हणजे जवळपास ११४ पट. गोळी अकरा सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली, थेट सहा! एक सेंटिमीटर डोलण्याला दहा आणि एक मिलिमीटर झटक्याला सहा. आणि मी काय करत होते, त्या डोलण्यापासून वाचायला झटका मारत होते.

हे समजल्यावर डोलण्याची भीती बरीच गेली. डोलू दे, बोट चालत राहू दे.

बोटाचं थोडं सविस्तर सांगते कारण मला हेच कोणी नीट सांगितलं नव्हतं. ट्रिगरवर पहिल्या पेराचा मांसल भाग, टोक आणि पहिला सांधा यांच्या मधला, आणि बोट पिस्तुलाच्या बाजूला घासायला नको, मध्ये फट दिसली पाहिजे, नाहीतर बोट वळताना पिस्तूल बाजूला ढकलतं. दाब सरळ मागे. आमच्या प्रकारात ट्रिगर कमीत कमी १००० ग्रॅमचा लागतो आणि बहुतेकांचा दोन टप्प्यांचा असतो, पहिला टप्पा मोकळा जातो, मग एक भिंत लागते. पहिला टप्पा मी हात खाली उतरत असतानाच घेऊन टाकते, भिंतीपाशी नेम स्थिर होतो आणि तिथून दाब वाढत जातो, थांबत नाही, मागे येत नाही. ग्रिप पिस्तूल उचलायच्या आधीच घट्ट आणि नंतर तेवढीच. हे बोलायला सोपं आहे, पण हाताची सवय अशी की एक बोट आवळलं की बाकीची सोबत आवळली जातात, लहानपणापासून आपण वस्तू पकडतो ती अशीच. एका बोटाला वेगळं चालायला शिकवायला मला दोन महिने लागले.

आणि ते शिकले कोऱ्या कागदावर. भिंतीवर पांढरा कागद, त्यावर काहीही नाही, आणि रिकामं पिस्तूल. करण्याआधी मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्याने बघायचा, बोटाने चाचपायचा, आणि काडतुसं त्या खोलीतच नसली पाहिजेत, यात कुठलीही सूट नाही, रोज करता म्हणून तर अजिबातच नाही. पॉइंट टू टू असेल तर चेंबरमध्ये डमी टाका, कारण रिकाम्यात फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटू शकते. कोऱ्या कागदाचा फायदा असा की तिथे मधोमध असं काही नाहीच, त्यामुळे ‘आता’ म्हणायला कारण उरत नाही. नजर फ्रंट साईटच्या वरच्या कडेवर, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, दाब वाढवत राहायचं आणि टक् झालं की बघायचं, ती कड जागची हलली का? सुरुवातीला दर वेळी केसभर खाली जायची. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, कारण दमलेल्या हाताने केलं तर झटक्याचाच सराव होतो. नळीवर नाणं ठेवून मारायची युक्ती पण केली, मला ती फार पटली नाही, नजर नाण्याकडे जाते आणि नाणं पडू नये म्हणून बोट भलतंच जपून चालतं.

मध्ये एक आठवडा डाव्या हाताने केलं. सर म्हणाले करून तर बघ. डाव्याला ताकद कमी, डोलणं दुप्पट, पण गंमत म्हणजे बोट सरळ चालत होतं, कारण त्या हाताने कधी धक्का खाल्लेलाच नव्हता, त्याला कशाची वाट बघायची हेच माहीत नव्हतं! तेव्हा मला हंगेरीच्या कारोली ताकाच यांची आठवण झाली. १९३८ मध्ये ग्रेनेड फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला, त्यांनी डाव्या हाताने पहिल्यापासून शिकायला घेतलं आणि १९४८ आणि १९५२ अशा लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण घेतलं. त्यांनी काय सोसलं असेल ते वेगळंच, पण बोट नव्याने शिकतं एवढा धीर मला त्यातून मिळाला.

पण खरा फरक पडला तो गोळी न मारण्याने. सरांनी नियम घातला, दहा वेळा पिस्तूल उचलायचं, पाचच गोळ्या मारायच्या. म्हणजे पाच वेळा न मारता खाली ठेवायचं. साईट स्थिर झाल्यापासून सात-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर खाली. डोक्यात ‘आता’ आलं तर खाली, मग नेम कितीही सुंदर असो. पहिल्या दिवशी मला ते जमेना, चांगला नेम सोडून हात खाली न्यायला अक्षरशः जिवावर येत होतं, आणि त्या जिवावर येण्यातच माझा रोग होता हे मला तेव्हा दिसलं. प्रिसिजनमध्ये (सावकाश नेम धरायच्या फेरीत) पाच गोळ्यांना पाच मिनिटं मिळतात. वेळ भरपूर असतो. मी तो कधी वापरलाच नव्हता. हात खाली ठेवता येतो हे अंगात मुरलं तेव्हा ती ओरडणारी घाई हळूहळू गप्प झाली, कारण ही संधी गेली तर दुसरी येणारच आहे हे मनाला पटलं. सगळ्या युक्त्यांतली एकच घ्या म्हटलं तर मी हीच देईन.

रॅपिडला (झटपट मारायच्या फेरीला) हे चालत नाही ना, असं एका ताईने विचारलं. बरोबर, तिथे टार्गेट तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद जातं, खाली ठेवायला वेळ कुठला. पण तिथेही बोट हात वर येतानाच चालायला लागतं, पहिला टप्पा वाटेतच संपतो, साईट काळ्यात शिरताना दाब बराच पुढे गेलेला असतो. वेग वाढतो, पण चाल तीच, सलग. स्मूथ म्हणजे सावकाश नव्हे हे मला फार उशिरा कळलं, मी आधी इतकी सावकाश दाबायचे की शेवटी कंटाळून झटकायचे.

कानांचं पण सांगते. दचकणं आवाजाच्या आधी होतं हे खरं, पण दर वेळी कानावर घणाचा घाव बसत असेल तर शरीर कशाची भीती धरणार? म्हणून आत प्लग आणि वर मफ, दोन्ही. मोठ्या कॅलिबरने सुरुवात करायची हौस टाळा. आणि चाळीसेक गोळ्यांनंतर माझा हात दमतो तेव्हा झटका परत डोकावतो, त्या दिवशी तिथे थांबते.

ज्या दिवशी पहिल्यांदा डोळे उघडे राहिले तो दिवस मला लख्ख आठवतोय. धडाम झालं आणि मी बघितलं की फ्रंट साईट खाचेतून वर उडाली, सरळ वर, आणि पुन्हा खाली येऊन जवळपास तिथेच बसली. उजवीकडे रिकामी पुंगळी उडताना दिसली. दोन वर्षं मारत होते आणि हे मी कधी बघितलंच नव्हतं, दर वेळी तेवढ्यात पापणी मिटलेली असायची. मी स्कोपमध्ये (टार्गेट बघायच्या दुर्बिणीत) न बघता म्हणाले, नऊ, तीन वाजता. नऊच होता, तीन वाजता. आपली गोळी कुठे गेली हे न बघता सांगता यायला लागलं की समजा डोळे उघडे आहेत.

परवा सरांनी परत मॅगझिन भरून दिलं. दुसरी गोळी टक्, साईट जागेवर. चौथी टक्, आणि केसभर खाली गेली, सात वाजता. सर काही बोलले नाहीत, बोटांनी एवढंसं दाखवलं फक्त. मी पिस्तूल रिकामं करून ठेवलं आणि आज सकाळी परत पांढरा कागद चिकटवलाय.