रामगडला जायचं, पण गिधाडांच्या वेळेनं

बाबांना 'शोले'चं रामगड दाखवायचं, हे या वर्षी पक्कं केलं आहे. तूर निघाली आणि कापसाची शेवटची वेचणी उरकली, की फेब्रुवारीत निघायचं. नागपूरहून संघमित्रा एक्स्प्रेस पकडायची, मुक्काम बंगळुरात पुतण्याकडं, आणि त्यातला एक पूर्ण दिवस रामनगरचा, जिथं रामगडचं चित्रीकरण झालं.

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला आला. आमच्या देवळी तालुक्यातल्या खेड्यांत मात्र तो पाहण्याआधी ऐकला गेला. लग्नाच्या मांडवात भोंग्यावर संवादांच्या रेकॉर्डी लागायच्या, आणि बाबांना गब्बरचं सगळं बोलणं पाठ झालं होतं तेव्हा त्यांनी अमजद खानचा चेहराही पाहिला नव्हता. वर्ध्याच्या टॉकीजमध्ये पिक्चर लागला तेव्हा ते बंडी जुंपून गेले होते.

आता रामगड नावाचं गाव तिथं नाही. रामनगरजवळ रामदेवर बेट्टा नावाचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी कलादिग्दर्शक राम येडेकरांनी घरं, देऊळ, मशीद असं अख्खं गाव उभं केलं, चित्रीकरण झाल्यावर ते मोडलं. आगगाडीवरच्या दरोड्याचा प्रसंग तर तिथला नाहीच, तो आपल्या पनवेलजवळचा. एवढा लांबचा प्रवास करून बाबा हिरमुसू नयेत म्हणून हे मी त्यांना आधीच सांगितलं. त्याच डोंगरावर आता गिधाडांचं अभयारण्य आहे, २०१२ मध्ये जाहीर झालेलं, हेही ओघात सांगितलं.

बाबा म्हणाले, "गाव नसन तं नसू दे. गिधाडं हायेत का, ते नीट इचार."

तेव्हापासून आमच्या सहलीचं वेळापत्रक गिधाडांच्या हातात गेलं आहे.

माझ्या लहानपणी बैल मेला की त्याला आखराच्या पलीकडं पडीत जागेवर नेऊन टाकत. आधी आभाळात एक ठिपका घिरट्या घालायचा, मग कुठून कुठून दुसरे यायचे. उतरली की पंख अर्धे पसरून, उड्या मारत, एकमेकांना ढकलत खायची. पोट भरल्यावर लगेच उडता यायचं नाही, तशीच मान आखडून बांधावर बसून राहायची. संध्याकाळी तिथं फक्त सांगाडा उरायचा, वास नाही, माशा नाहीत. आता त्याच जागी मोकाट कुत्री असतात, आणि सांजच्याला त्या वाटेनं पोरांना एकटं पाठवत नाही.

नव्वदच्या दशकात गिधाडं गेली. कारण कळायला २००४ उजाडलं: ढोरांना दुखण्यावर टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक. ते औषध अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की त्याच्या किडन्या निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं देते, भरून निघायला किती काळ लागेल याचा अंदाज शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. आमच्या गोठ्यात डॉक्टर आले की मी बाटलीवरचं नाव वाचतो. मेलॉक्सिकॅम दिसलं की जीव थंड होतो, त्यानं गिधाडाला अपाय होत नाही. तुमच्याकडं गाय असेल तर एवढं जरूर विचारत जा.

आमच्याकडची होती ती पांढऱ्या पाठीची, उंच झाडांवर घरटी करणारी. रामनगरची लांब चोचीची, कड्याच्या कपारीत राहणारी. थोडीच उरली आहेत. हिवाळ्यात ती अंड्यावर बसतात, म्हणून फेब्रुवारीत कपारीत पिल्लू असण्याची आशा आहे. शेजारच्या गुरुजींची दुर्बीण मागून ठेवली आहे.

तर दिवस असा. बंगळूरहून म्हैसूरकडं जाणारी पहाटेची लोकल, साधारण पन्नास किलोमीटर. पुतण्या मोटारसायकलनं नेतो म्हणत होता, पण नव्या एक्स्प्रेसवेच्या मुख्य मार्गावर दुचाकीला बंदी आहे, आणि बाबांच्या कमरेला गाडीच बरी. स्टेशनवरून ऑटो. डोंगराला पायऱ्या आहेत, वर रामाचं देऊळ आहे. बाबांचे गुडघे पाहता देवळापर्यंत गेलोच पाहिजे असा हट्ट मी धरणार नाही, जिथून कडा दिसेल तिथं बसायचं. तिथला ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांचा. आपली काळी माती ज्या बेसाल्टची, तो साडेसहा कोटींचा, म्हणजे त्यापुढं कालचाच. 'शोले'ची नावं पडद्यावर येतात तेव्हा दोन घोडेस्वार याच दगडांमधून जातात, तेवढा भाग मोबाईलवर घेऊन ठेवला आहे, म्हणजे जागेवर बसून ताडून पाहता येईल.

उतरल्यावर रेशीम कोषांचा बाजार. हा बाबांच्या आग्रहाचा नव्हे, माझ्या आवडीचा थांबा. जालन्याला २०१८ मध्ये कोष बाजार सुरू झाला, त्याआधी आपल्याकडचे तुतीवाले शेतकरी पोती भरून थेट रामनगरला जात. आमच्या गावचा एक जण जाऊन आला आहे. भाव कसा पुकारतात, वजन कसं करतात, हे तो अजून रंगवून सांगतो. डोंगर मात्र त्यानं बाजाराच्या दारातूनच पाहिला, कोष विकले आणि रात्रीची गाडी धरली. कापसाच्या मोंढ्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तो लिलाव दाखवायला हवा.

वेळ उरला तर चन्नपट्टणची लाकडी खेळणी, पुढंच आहे. नाही उरला तरी चालेल.

फक्त एक अडलंय. तुमच्यापैकी कोणी फेब्रुवारीत रामदेवर बेट्ट्यावर गेलं असेल, तर सांगा: गिधाडांचा कडा पायथ्याहून दिसतो, की पायऱ्या चढाव्याच लागतात? किती चढाव्या लागतात? आणि सकाळी ती कपारीतून केव्हा निघतात? ऊन तापून हवा वर उठू लागल्याशिवाय गिधाड उडत नाही, एवढं बाबा सांगतात. पण तिथलं ऊन आपल्या वर्ध्याच्या उन्हासारखं नसणार, आणि मला गाडीचं तिकीट त्या हिशेबानं काढायचं आहे.