चौकटीतला हात

सहलीहून आल्यावर मोजले, तर फोटो भरले ११६०. त्यातल्या निदान दीडशे फोटोंत कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून एक हात आत आलाय. मनगटावर चार हिरव्या बांगड्या, जुनं चावीचं घड्याळ, पावसात भिजून सुरकुतलेली बोटं. हात माझ्या सासूबाईंचा. मी त्यांना आईच म्हणते.

गेल्या ऑगस्टात आम्ही चौघं उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो. मी, नवरा, बारा वर्षांचे चिरंजीव आणि आई. सासरे गुडघ्यांमुळे साताऱ्यालाच राहिले. आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६८. त्यांची एकच अट होती, एवढं वर जाणार तर बद्रीनाथ चुकवायचं नाही. माझीही एकच होती, मी फोटोला थांबले की कुणी ‘चला, चला’ करायचं नाही. बद्रीनाथ व्यवस्थित झालं. माझी अट पहिल्याच दिवशी मोडली.

साताऱ्याच्या माणसाने फुलं बघायला हिमालयात जावं, याचं शेजाऱ्यांना नवल वाटलं. कास पठार इथून पंचवीसेक किलोमीटरवर. मी दहा-बारा वर्षं दर सप्टेंबरात तिथे कॅमेरा घेऊन जाते. त्यामुळे फुलांचे फोटो आपल्याला काही नवे नाहीत, अशी थोडी घमेंड होतीच. पण कासची फुलं घोट्याएवढी. गेंद, सीतेची आसवं, सगळं वाकून, उकिडवं बसून बघायचं. इथे फुलं कमरेला लागतात, काही ठिकाणी चिरंजीवांच्या खांद्याला. मागे बर्फाची शिखरं असतात म्हणे. आम्हाला ती दोन दिवसांत मिळून वीस मिनिटं दिसली.

हरिद्वारहून जोशीमठपर्यंतचा एक अख्खा दिवस गाडीतच जातो. आमचा त्याहून जास्त गेला, कारण वाटेत दरड उतरली होती. तीन तास रांगेत उभे होतो, आणि तेवढ्यात आईंनी पुढच्या-मागच्या सहा गाड्यांना कंदी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी गोविंदघाटला प्लॅस्टिकचे रेनकोट घेतले, जीपने पुलनापर्यंत गेलो आणि तिथून नऊ-दहा किलोमीटर चढत घांगरिया. साधारण ३००० मीटर उंची. आईंनी खेचर साफ नाकारलं. “त्याचे डोळे बघ, माझ्यापेक्षा तेच दमलंय.” सात तास लागले. लागू देत.

या वाटेवरच माझ्या लक्षात आलं की डोंगराचे फोटो फसतायत. मी हौसेने वाइड लेन्स नेली होती, सगळं मावावं म्हणून. सगळं मावतही होतं, पण वारुळासारखं दिसत होतं. समोर मान मागे टाकून बघावा लागणारा कडा, आणि स्क्रीनवर आमच्या अजिंक्यताऱ्याचं छोटं भावंड. मग लांबची लेन्स लावली, मी मागे राहिले आणि घरच्यांना पुढे जाऊ दिलं. दोनशे पावलं पुढे वळणावर चिरंजीवांचा पिवळा रेनकोट ठिपक्याएवढा झाला, आणि त्याच्यामागे कड्याने एकदम आपली खरी उंची धरली. पर्यटनाच्या पोस्टरवर माणसं नसलेले डोंगर का छापतात कोण जाणे. माणसाशिवाय डोंगर केवढा ते कळतच नाही. हे मला कड्याच्या बाबतीत कळलं, पण फुलाच्या बाबतीत कळायला आई लागल्या.

खोऱ्यात मुक्काम करता येत नाही. सकाळी घांगरियाहून निघायचं आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं. आम्ही गेलो त्या दिवशी धुकं असं की पुष्पावती नदी नुसती ऐकू येत होती. माझा चेहरा पडला. नवऱ्याने समजूत घातली, की ज्यांनी या खोऱ्याला हे नाव दिलं तेही अशाच पावसात इथे उतरले होते. ते खरंच आहे. १९३१ साली कामेट शिखर चढून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती पाऊस-धुक्यात खिंड ओलांडून आले आणि फुलांत येऊन थडकले. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. कासही त्याच यादीत आहे, २०१२ पासून, पश्चिम घाटाचा भाग म्हणून. हे आईंना सांगितलं तर म्हणाल्या, “म्हणजे आपण घरच्यांकडेच आलोय.”

घरचं माणूस लगेच भेटलंही. गुलाबी फुलांचा एक पट्टाच्या पट्टा लागला, आणि आई लांबूनच ओरडल्या, “अगं, हा तर तेरडा!” तेरडाच तो, हिमालयातला. आपल्या तेरड्याचा उंच, दांडगा चुलतभाऊ. मी गुडघ्यावर बसून एका फुलावर फोकस केला, श्वास रोखला, आणि चौकटीत बांगड्या आल्या.

“आई, हात जरा बाजूला घेता?”

“का? हाताशिवाय कळणार कसं, केवढं आहे ते?”

“फुलाचा फोटो आहे हो, मापाचा नाही.”

“पाटीवर काढलेला हत्ती आणि उंदीर एकाच मापाचे असतात बाई. पोरांना तोंडाने सांगावं लागतं, हा मोठा नि हा लहान. तू काय प्रत्येक फोटोशेजारी उभी राहून सांगणार आहेस?”

छत्तीस वर्षं पहिलीला शिकवलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी तडजोड काढली. एक फोटो हाताचा, मग एक बिनहाताचा. सुरुवातीला हाताचा फोटो मी न बघताच काढत होते, त्यांचं समाधान म्हणून.

धुक्याचा मात्र मी उगीच राग धरला होता. ढगाळ उजेडात पाकळ्यांवर काळ्या सावल्या पडत नाहीत, रंग भाजल्यासारखे दिसत नाहीत. अडचणी वेगळ्या. कॅमेऱ्याला पांढरं धुकं दिसलं की तो सगळंच करडं करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर मुद्दाम एक घर वाढवून ठेवलं. पानं ओली चकचकीत असतात, त्यावर पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढची चकाकी कापणारी काच, फिरवला की हिरवा रंग परत येतो, पण उजेड कमी होतो आणि वाऱ्यात फूल हललं की फोटो गेला. तिथे नवऱ्याची छत्री उपयोगी पडली. पावसासाठी नव्हे, वारा अडवायला. तो बिचारा फुलाला छत्री धरून स्वतः भिजत उभा. निळी अफूची फुलं खडकांच्या कपारीत मोजकी दिसली, कागदाहून पातळ पाकळ्यांची. कॅमेऱ्याने आपल्या अकलेने ती जांभळी केली. घरी येऊन रंग दुरुस्त करताना मला खरा निळा आठवेना. शेवटी हाताच्या फोटोतल्या आईंच्या बांगड्यांचा हिरवा जुळवला. बांगड्या घरातच होत्या, समोर धरता आल्या. त्या जुळल्यावर निळाही आपोआप जागेवर आला. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. डोक्यावर बसतील.

पांढऱ्या तुऱ्यांचा पॉलिगोनम मात्र जिकडेतिकडे. तो इतका माजतो की बाकीच्या फुलांना जागा उरत नाही. वनखातं माणसं लावून तो काढत असतं. उद्यान झाल्यावर गावकऱ्यांची मेंढरं चरायची बंद झाली, त्यामुळे तो वाढला असं तिथले लोक म्हणतात. फोटोत तो फार देखणा दिसतो, हीच पंचाईत.

आत एक कबर आहे. जोन मार्गारेट लेग ही वनस्पतींची अभ्यासक १९३९ साली इथे फुलं गोळा करताना पाय घसरून गेली. मागून तिच्या बहिणीने येऊन दगड बसवला. आई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. “एकटीच आलेली?” एवढंच विचारलं. त्या फोटोत कुठूनही हात आलेला नाही, कारण दोन्ही जोडलेले होते.

तिसऱ्या दिवशी हेमकुंड साहिब, शिखांचं तीर्थ. सहा किलोमीटरचा उभा चढ, चार हजार मीटरच्या वर. आईंना या वेळी कंडी घ्यावीच लागली. म्हणजे वेताची खोल टोपली, जी माणूस पाठीवर घेऊन चढतो. “माणसाच्या पाठीवर बसायचं, पाप लागेल मला,” असं त्या म्हणत होत्या, पण त्यांचा श्वासच पुरेना. कंडीत माणूस उलटं तोंड करून बसतो. म्हणजे पूर्ण चढ आई माझ्याकडे तोंड करून होत्या. वर पोचल्यावर लंगरची गरम खिचडी आणि चहा हातात आला, तेव्हा म्हणाल्या, “तुम्ही सगळे वर बघत आलात, दरी फक्त मी बघितली.”

तिथेच ब्रह्मकमळ दिसलं. आईंचा विश्वासच बसेना. आमच्या गच्चीवरच्या कुंडीतलं ‘ब्रह्मकमळ’ रात्री उमलतं, घमघमतं, त्याची आरती होते, गल्ली बघायला येते. ते मुळात अमेरिका खंडातलं निवडुंग. खरं हे, खडकात उगवणारं, फिकट हिरवट कागदी पानांत जांभळी फुलं गुंडाळून बसलेलं. आई थोडा वेळ निरखून म्हणाल्या, “कोबीसारखं आहे गं.” मग इकडेतिकडे बघून हळूच, “यांना सांगू नकोस. ते रोज पाणी घालतात त्याला.” आणि हात पुढे केला.

घरी टीव्हीवर फोटो लावले तेव्हा सगळे नातलग जमले होते. माझे नीट बेतलेले, मागचं सगळं धूसर केलेले फोटो आले की “वा, छान” म्हणून पुढे. हाताचा फोटो आला की मात्र “अरे बापरे, एवढंसंच?” किंवा “केवढं मोठं!” असं काहीतरी निघायचं, कुणीतरी उठून टीव्हीवर आपला हात लावून बघायचं. तीन वेळा मला सांगण्यात आलं की हे बिनहाताचे जरा लवकर सरकव.

सासरे शेवटपर्यंत गप्प होते. सगळं संपल्यावर म्हणाले, “हात दिसला. हिचा चेहरा कुठे आहे?”

मी शोधू लागले. बद्रीनाथच्या देवळासमोरचा एक, त्यात डोळे मिटलेले. दोन रेनकोटच्या टोपीत बुडालेले. हेमकुंडच्या वाटेवरचा एकही नाही. चार तास त्या माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि पाऊस लागेल म्हणून मी कॅमेरा पिशवीत ठेवला होता.