आधी आकृत्या, मग गोषवारा

पेशीविज्ञानातला शोधनिबंध परीक्षणासाठी आला की मी गोषवारा बाजूला ठेवते आणि थेट आकृत्या उघडते. या विषयात सूक्ष्मदर्शकातून टिपलेले छायाचित्र किंवा वेस्टर्न ब्लॉटवरचा (जेलमध्ये आकारानुसार वेगळी केलेली प्रथिने दाखवणाऱ्या चाचणीतला) काळा पट्टा हाच मूळ पुरावा असतो आणि भोवतीचा मजकूर म्हणजे त्या पुराव्याच्या आधारे केलेला युक्तिवाद. गोषवारा आधी वाचला की लेखकाने जे पाहायला सांगितले आहे तेच दिसू लागते. अमुक प्रथिन केंद्रकात शिरते असे वाचून झाल्यावर केंद्रकातली जराशी उजळ छटासुद्धा पुरेशी वाटते. न वाचता पाहिले, तर तीच छटा बहुतेक वेळा पार्श्वभूमीपेक्षा फारशी वेगळी नसते.

या बाबतीत 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'चे ऋण मान्य करायला हवे. १९५५ साली रॉकफेलर संस्थेतून वेगळ्या नावाने सुरू झालेल्या आणि १९६२ पासून आजच्या नावाने निघणाऱ्या या नियतकालिकाने २००२ पासून स्वीकृत निबंधांतील प्रत्येक आकृती छापण्यापूर्वी तपासायला सुरुवात केली. त्यामागचे निमित्त अगदी साधे होते. फाइल चुकीच्या स्वरूपात आली म्हणून तेव्हाचे व्यवस्थापकीय संपादक माइक रॉस्नर ती बदलत असताना, काही पट्ट्यांवर हात फिरवला गेला असल्याचे त्यांच्या लक्षात आले. पुढे २००४ मध्ये त्यांनी केनेथ यामाडा यांच्यासह लिहिलेल्या लेखातील नियम आज जवळपास सर्वत्र चालतात. चित्रातला एखादाच भाग उठावदार करू नये, झाकू नये, हलवू नये किंवा नव्याने आणू नये. उजळपणा किंवा कॉन्ट्रास्ट बदलायचा तर तो संपूर्ण चित्राला सारखा लावावा आणि त्यात मूळची कोणतीही माहिती पुसली जाऊ नये. जेलच्या वेगवेगळ्या भागांतल्या रांगा शेजारी आणल्या असतील तर मध्ये स्पष्ट रेघ ओढावी.

ही तपासणी हौसेपोटी केलेली नाही. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी ४० नियतकालिकांतले २०,६२१ निबंध नजरेखालून घालून २०१६ मध्ये दाखवून दिले, की त्यांपैकी ३.८ टक्क्यांमध्ये एकच चित्र अयोग्य रीतीने पुन्हा वापरलेले होते. यातले बरेचसे निव्वळ गलथानपणातून घडलेले असणार, कारण फोल्डरमधल्या फाइलींना 'फायनल', 'फायनल-२' अशी नावे देण्याची सवय अनेक प्रयोगशाळांत आहे. उरलेल्यांविषयी मात्र तेवढी उदारता दाखवता येत नाही.

प्रत्यक्ष तपासताना मी ब्लॉट मोठा करते आणि उजळपणा टोकापर्यंत वाढवते. खऱ्या, अखंड ब्लॉटच्या पार्श्वभूमीवर बारीक कणकण दिसते आणि ती एका रांगेतून दुसऱ्या रांगेत सलग जाते. जिथे तुकडा आणून चिकटवला आहे, तिथे ती एका सरळ उभ्या रेषेवर अचानक थांबते. तसेच अ‍ॅक्टिनचा पट्टा पाहावा. हे प्रथिन जवळजवळ सर्व पेशींत असते, म्हणून सर्व रांगांत प्रथिन सारखे घातले होते हे दाखवण्यासाठी तो पट्टा असतो, पण वरच्या पट्ट्यांचे काठ एका बाजूला झुकलेले आणि खालचे अ‍ॅक्टिन मात्र सरळ रेषेत असेल, तर दोन्ही एकाच जेलवरचे आहेत का, हे विचारावेच लागते. विचारताना आरोपाचा सूर नको. 'मूळ, न कापलेला ब्लॉट जोडावा' एवढे वाक्य पुरते आणि प्रामाणिक लेखक तो लगेच पाठवतो.

आकड्यांची बाजू याहून अवघड आहे. तीन स्वतंत्र प्रयोग केले, प्रत्येकात शंभर पेशी मोजल्या आणि आकृतीखाली नमुनासंख्या ३०० लिहिली, तर संख्याशास्त्रीय चाचणी जवळजवळ कोणत्याही किरकोळ फरकाला लक्षणीय ठरवते. एका ताटलीतल्या पेशींचे माध्यम, तापमान आणि हाताळणारा हातही एकच, म्हणून येथे खरी संख्या तीन. २०२० मध्ये 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'तच 'सुपरप्लॉट' नावाची मांडणी सुचवली गेली. तीत प्रत्येक पेशीचा बिंदू दिसतो, प्रत्येक प्रयोगाला वेगळा रंग असतो आणि चाचणी प्रयोगांच्या सरासऱ्यांवर होते. मला ही मांडणी सक्तीची केलेली आवडेल.

निबंध पाठवणाऱ्याने पेशींची ओळखही पटवून द्यायला हवी. अनेक वेगवेगळ्या मानल्या गेलेल्या पेशीमालिका (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशी) प्रत्यक्षात हेला या कर्करोगाच्या पेशीच आहेत, हे स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ सालीच सांगितले होते, तरीही पेशींची जनुकीय ओळख आणि मायकोप्लाझ्मा या पेशी दूषित करणाऱ्या जिवाणूची चाचणी यांचा उल्लेखही नसलेले मसुदे आजही येतात. प्रथिन ओळखण्यासाठी वापरलेल्या प्रतिपिंडाचा कॅटलॉग क्रमांक आणि छायाचित्रावरचा स्केल बार (मोजमाप दाखवणारी रेघ) यांबद्दल वेगळे सांगायला नको, पण सांगावे लागते.

आता परीक्षकांविषयी. आमच्यातला सर्वांत मोठा दोष म्हणजे प्रयोगांची यादी लांबवत नेणे. 'हेच उंदरात करून पाहावे' असे लिहायला एक ओळ लागते आणि करायला वर्ष. भारतातल्या प्रयोगशाळेत तर परदेशातून मागवलेले प्रतिपिंड निविदा, मंजुरी आणि सीमाशुल्क ओलांडून येईपर्यंतच सुधारणेसाठी दिलेल्या मुदतीचा मोठा भाग संपतो. हे बॉस्टन किंवा हायडेलबर्गमधल्या परीक्षकाच्या ध्यानात येत नाही आणि लेखक संकोचाने सांगत नाहीत. मुदतवाढ मागण्यात कमीपणा नाही. संपादक ती सहसा देतात. 'ईलाइफ' या नियतकालिकाने २०१२ मध्ये परीक्षकांना आपसांत चर्चा करून संपादकामार्फत एकच पत्र पाठवण्याची पद्धत आणली, ती मला म्हणूनच मोलाची वाटते. दुसऱ्या परीक्षकासमोर आपल्या मागणीचे समर्थन करावे लागले, की अर्ध्या मागण्या आपोआप गळतात. मी स्वतः प्रत्येक मागणीपुढे लिहिते, की हा प्रयोग झाला नाही तर निबंधातला कोणता निष्कर्ष मागे घ्यावा लागेल. असा निष्कर्ष नसेल, तर ती मागणी पत्रात ठेवत नाही.

पहिल्यांदा परीक्षण करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी 'एम्बो जर्नल' या नियतकालिकाकडे पाठवते. तेथे २००९ पासून निबंधासोबत परीक्षकांची पत्रे आणि लेखकांची उत्तरे प्रसिद्ध होतात. नावे नसतात, पण तिसऱ्या परीक्षकाचा आक्षेप लेखकाने आकृती बदलून कसा मिटवला, किंवा कुठे नम्रपणे नकार दिला आणि संपादकाने तो मान्य केला, हे ओळीओळीने वाचता येते.