आजोबांचा पोटमाळा आणि माझे कार्ड

आज न्यू जर्सीतील बेसबॉल कार्डांच्या, म्हणजे बेसबॉल खेळाडूंची चित्रे छापलेल्या जुन्या कार्डांच्या, प्रदर्शनात विक्रेत्यांशी गप्पा मारताना ओहायोतील डिफायन्स गावाचा विषय निघालाच. २०१२ मध्ये तेथील एका कुटुंबाला आजोबांच्या घराचा पोटमाळा आवरताना १९१० च्या सुमाराच्या 'ई-९८' या नावाने संग्राहक ओळखतात त्या संचातील सुमारे ७०० कार्डे सापडली, आणि टाय कॉब, साय यंग, होनस वॅग्नर या त्या काळच्या नामांकित खेळाडूंची ती चित्रे शंभर वर्षे कोणी न हाताळल्यामुळे जवळजवळ नवीकोरी राहिली होती. २०१६ मध्ये तर चुरगळलेल्या कागदी पिशवीतून, जी कचऱ्यात जाता जाता वाचली, पुढे टाय कॉबचे चित्र आणि मागे त्याच्याच नावाच्या तंबाखूची जाहिरात असलेली सात अतिदुर्मीळ कार्डे निघाली. अशा घबाडांचे श्रेय मी तरी संग्राहकांच्या चिकाटीपेक्षा आवराआवरीचा कंटाळा करणाऱ्या पूर्वजांनाच देईन.

माझ्या वाट्याला पोस्टकार्डांच्या खोक्यात दडलेले, १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून वाटल्या गेलेल्या टी-२०६ संचातील एक कार्ड आले. कोपरे झिजलेले, खेळाडू अपरिचित, मागे सर्रास आढळणारी 'पीडमॉन्ट' सिगारेटची जाहिरात. तरीही घासाघीस न करता मी ते घेतले.