खोडलेली नावे

वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्र पाहणाऱ्याकडे निवासी डॉक्टर येतात ते प्रबंध जमा करण्याच्या आदल्या आठवड्यात, हातात मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या नोंदींचा तक्ता घेऊन, ‘सर, पी व्हॅल्यू येईल ना?’ असे विचारत; म्हणजे गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा वाटू नये इतका ठळक आहे, असे आकडे सांगतील ना. त्या दिवशी आलेल्या मुलीची पी व्हॅल्यू आधीच आली होती. अंगणवाडीतल्या निम्म्या मुलांना चार महिने पौष्टिक आहाराचे जादा पाकीट दिले होते आणि त्यांचे वजन इतरांपेक्षा चांगलेच वाढले होते.

निकाल बाजूला ठेवून मी पहिला तक्ता आधी वाचतो. सुरुवातीच्या वजनांत पाकीटवाला गट इतका मागे होता की चिठ्ठ्या टाकून गट पाडले यावर विश्वास बसेना. मूळ यादी मागवली, तर ठिकठिकाणी एक नाव खोडून वर दुसरे लिहिलेले आणि समासात निळ्या शाईने ‘बदली’. सेविकाताईंना फोन केला. “अहो सर, धडधाकट पोराला पाकीट द्यायचं आणि ज्याच्या बरगड्या मोजता येतात त्याला नुसतं बघत बसवायचं का?”

१९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायरच्या शाळांत हेच घडले होते. २०,००० मुलांपैकी १०,००० मुलांना रोज दूध मिळाले. मात्र एखाद्या गटात सुदृढ किंवा अशक्त मुले फार झाली असे वाटल्यास अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या गॉसेट या संख्याशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये दाखवून दिले की दूध न मिळालेली मुले मुळातच वजनाने तीन आणि उंचीने चार महिन्यांच्या वाढीइतकी पुढे होती. शिवाय वजने फेब्रुवारीत आणि जूनमध्ये, अंगावरच्या कपड्यांसह घेतलेली. म्हणजे खात्यापित्या घरच्या मुलांचे हिवाळी कपडे उतरले, तेही वजनातून वजा झाले असणार.

गाईडने सही करण्यापूर्वी यादी एकदाही पाहिलेली नव्हती, आणि आमच्याकडे यात कोणालाच नवल वाटत नाही. ताईंनी खोडलेली नावे अजून वाचता येत होती, म्हणून मूळ वाटपाप्रमाणे विश्लेषण पुन्हा केले. फरक बराचसा ओसरला. मुलगी रडवेली झाली.

‘मर्यादा’ या प्रकरणात आम्ही ‘क्षेत्रीय कर्मचाऱ्यांकडून वाटपात बदल’ असे लिहिले आहे. हा प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, मंजुरीसाठी समितीपुढे आला तेव्हा मी तिथे बसलो होतो आणि अतिशय कमी वजनाच्या मुलांना प्रयोगाबाहेर ठेवून थेट आहार का देत नाही, हे मी विचारले नव्हते. ते त्या प्रकरणात कोणत्या शब्दांत लिहावे, हे अजून ठरलेले नाही.