आमचा सप्टेंबरचा मेळावा

दिवाळीत घ्या ना मेळावा, सगळे गावाकडं आलेले असतात, असं दरवर्षी ग्रुपवर कोणी ना कोणी टाकतंच. बहुतेक पुण्यातलं असतं. मी आमच्या समाजकार्य कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळाच्या कमिटीत आहे त्यामुळं उत्तर पण मलाच द्यावं लागतं. तर परत एकदा सांगतो, दिवाळीत तुम्ही गावाकडं येता पण तवर गावातली निम्मी माणसं निघून गेलेली असतात. दसरा झाला की ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात, बीड जिल्ह्यात केज, धारूर, वडवणी, पाटोदा सगळीकडं, आणि कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, जे जातात सांगली-कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात ते गुढीपाडव्याच्या आसपासच परत येतात. आम्हाला शिकवलेल्या मॅडमनी मेळाव्याच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं की ज्यांच्यात आपण फील्डवर्क केलं त्यातलं एक तरी माणूस स्टेजवर बोललं पाहिजे, नसेल तर त्याला मेळावा म्हणू नका, पार्टी म्हणा. म्हणून १७ सप्टेंबरच्या जवळचा रविवार. १७ ला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, त्या दिवशी सकाळी झेंड्याला कॉलेजात यावंच लागतं, म्हणजे स्टाफ पण गावातच असतो. झालं, एवढंच कारण.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवालवाचन, शाल-श्रीफळ हे सगळं होतं, त्याचं काय लिहायचं, सगळीकडं सारखंच असतं. प्रमुख पाहुणे उशिरा येतात आणि लवकर जातात.

त्यानंतर आमचे रिटायर झालेले सर उठतात आणि शिकागोचं पुराण लावतात. आम्हाला पाठ झालंय, तरी ऐकतो. जेन अ‍ॅडम्स नावाच्या बाईनं १८८९ मध्ये शिकागोच्या गरीब वस्तीत हल हाउस नावाचं वस्तीतल्या लोकांसाठीचं केंद्र काढलं, सोशल वर्कच्या पहिल्या वर्षाला हे सगळ्यांनाच असतं, पण सर तिथं थांबत नाहीत. वस्तीतला कचरा उचलला जात नव्हता, पोरं आजारी पडत होती, तर ही बाई १८९५ मध्ये त्या वॉर्डाची कचरा इन्स्पेक्टर झाली आणि पहाटे उठून कचऱ्याच्या गाडीमागं फिरायची. मग सर विचारतात, सांगा, हे समाजकार्य का पर्यावरण? आणि कोणी बोलायच्या आत स्वतःच पुढं निघतात, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरेन काउंटीत, १९८२ साल, विषारी मातीचे ट्रक काळ्या लोकांच्या गावाजवळ पुरायला आणले तर माणसं रस्त्यावर आडवी झाली, पाचशेच्या वर लोकांना अटक झाली, डम्प तरी झालाच, पण पर्यावरण न्याय म्हणून जे आज पुस्तकात शिकवतात त्याची चर्चा तिथून देशभर गेली. २०१८ नंतर सरांनी त्यात नारेगाव जोडलं. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या संभाजीनगरचा कचरा वर्षानुवर्षं तिकडंच पडत होता आणि त्या फेब्रुवारीत गावकऱ्यांनी गाड्याच अडवल्या, तेव्हा शहराला कळलं आपला कचरा जातो कुठं. नारेगाववाल्यांनी वॉरेनचं नाव पण ऐकलेलं नव्हतं, असं सर म्हणतात आणि पाणी पितात. दरवर्षी तिथंच पाणी पितात.

मॅडमचं सांगायचं तर त्या १९९३ ला विद्यार्थी होत्या. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या दिवशीच गणपती बुडवलेले, आणि किल्लारीचा भूकंप. आठवड्याभरात त्यांची बॅच औसा-उमरग्याकडं होती. पुढं बावन्न गावं नवीन जागेवर बसवली, रुंद रस्ते, ओळीत घरं, आणि मॅडमनी पीएचडी केली ती यावर की शेत लांब गेलं आणि शेजार मोडला तर बायांच्या दिवसाचं काय होतं. म्हातारी माणसं नव्या गावात दिवसभर करमत नाही म्हणून जुन्या गावच्या पांढरीवर जाऊन बसायची, हे त्यांच्या थिसिसमधलं मला अजून आठवतंय. लोक म्हणायचे हा कसला विषय, पुनर्वसन झालं ना, घर मिळालं ना.

मग २०१६. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. त्याच्या आधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती ते कमी लोकांना आठवतं. मॅडमनी आम्हाला रेल्वे बघायला पाठवलं नाही. म्हणाल्या टँकर कोणत्या गल्लीत किती वाजता येतो आणि कोणत्या गल्लीत येतच नाही ते लिहून आणा, आणि मांजरा धरण कोरडं पडलं तवा कुणाच्या उसाला पाणी होतं ते पण विचारा. आम्ही उन्हात हिंडून, शिव्या खाऊन गल्लीवार नकाशे केले, त्याचं मराठीत पुस्तक निघालं, साधंच, स्टेपलर मारलेलं, वस्तीत वाचून दाखवलं. मॅडमच्या प्रमोशनच्या फाईलमध्ये त्याला शून्य पॉइंट. एपीआय, म्हणजे तेव्हा प्राध्यापकांच्या बढतीसाठी जे गुण मोजायचे, त्याच्या रकान्यात बसत नव्हतं म्हणे. त्याच वर्षी एकानं कुठल्यातरी जर्नलमध्ये पैसे भरून पेपर छापला, त्याला मिळाले. मॅडम यावर कधी बोलल्या नाहीत, मी बोलणार, कारण मी त्या नकाशांसाठी चपला झिजवल्यात.

आता मेन गोष्ट. जेवणानंतर फील्डच्या माणसाचं मनोगत असतं आणि मॅडमचा नियम असा की ते बोलताना कॉलेजातल्या कोणीच स्टेजवर बसायचं नाही, प्राचार्यांनी सुद्धा खाली बसायचं. मला दरवर्षी इथंच भरून येतं. एका वर्षी केजकडची ऊसतोडवाली मावशी आली होती, माईक हातात घ्यायलाच तयार नव्हती, म्हणली मला लांबून बोलायची सवय हाय, फडात वरडावंच लागतं. मग बोलली ती बोललीच. "तुमची पोरं आली, कागदावर इचारलं पाणी किती लांब हाय. म्या म्हणलं लांब न्हाई, जवळच हाय, पर रांगंत किती येळ उभं ऱ्हायलं ते कुटं लिवायचं? आन त्या येळंत कोयत्याचा खाडा पडला त्याचे पैसे मुकादम कापतो ते कुटं लिवायचं?" हॉल एकदम गप. नवरा-बायको मिळून एक कोयता, आगाऊ उचल दोघांची, खाडा दोघांचा, हे आम्ही शिकलो होतो पण फॉर्ममध्ये त्याला जागाच केली नव्हती. मग ती पिशवीच्या ऑपरेशनवर आली. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी झाली, सरकारनं समिती नेमली, पण ती म्हणाली, बातमीच्या आधी कोण इचारत होतं, फडात न्हाणी न्हाई, संडास न्हाई, पाणी न्हाई, दुखणं तिथंच लागतंय. पाणी, आजार, मजुरी तिनं एका दमात सांगितलं, आमच्या अभ्यासक्रमात तीन वेगळे विषय आहेत त्याचे. मॅडम खाली सतरंजीवर बसून वहीत लिहीत होत्या. पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये रांगेचा वेळ आणि बुडालेली मजुरी असे दोन रकाने वाढले, आणि आज त्या फॉर्मवर ज्यांचे पेपर छापून येतात त्यांनी निदान त्या मावशीला मेळाव्याला ऐकायला तरी यावं.

ते येत नाहीत हेच माझं दुखणं आहे. म्हणजे येतात, येसर आमटी-भात, बुंदी खातात, फोटो काढतात आणि साडेतीनची गाडी आहे म्हणून निघतात. मनोगत जेवणाआधी घ्या असं मी कमिटीत दोनदा मांडलं, पण लांबच्या गावाहून एसटीनं येणाऱ्या बायांना आधी जेवू घालायचं की नाही, असं मॅडमनी विचारलं, विषय संपला. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे समाजकामाच्या विभागात, मोठ्या पगारावर असलेल्यांनी वर्गणी पाठवली, आभार, पण खुर्च्या रिकाम्या दिसतात हो. जालन्याची बॅच मात्र दरवेळी पूर्ण हजर, एकदा तर पोरंबाळं घेऊन पिकअपमध्ये आली.

आणि ज्यांच्यामुळं हे चालतं त्यांची नावं टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून नुसतं कामावरून सांगतो. लायब्ररीतले काका, जे जुने फील्डवर्क जर्नल शोधून टेबलवर मांडतात. हॉस्टेलच्या मेसच्या मावशी आणि त्यांची सून. कळंबची आमची बॅचमेट, तिनं पाहुण्या बायांची रात्रीची सोय स्वतःच्या घरी केली. मंडपवाले, ज्यांची गेल्या वर्षीची थोडी बाकी अजून आपल्याकडं आहे. माईकवाला पोरगा. एसटी स्टँडवरून बायांना आणणारे दोन्ही रिक्षावाले, एकाचं नाव अहवालात आलं आणि दुसऱ्याचं राहिलं यावरून तो रुसला होता म्हणून इथं दोघं पण लिहिले. शिपाई मामा. रांगोळीवाल्या सेकंड इयरच्या मुली. पाण्याचे जार फुकट देणारा दुकानदार, लातूरच्या माणसानं पाणी फुकट देणं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. सूत्रसंचालन करणारी नांदेडची ताई, जिचा घसा बसला होता तरी तिनं शेवटपर्यंत रेटलं. आणि झाल्यावर सतरंज्या झाडून घड्या घालणारी फर्स्ट इयरची पोरं, त्यांना कमिटीकडून चहा पण मिळाला नाही, तो मी पाजला, पण खर्च मंडळाच्या खात्यात धरा.

या वर्षीचा रविवार ग्रुपवर टाकलाय. नुसता अंगठ्याचा इमोजी टाकणाऱ्यांचं जेवण धरणार नाही, येतो असं लिहा आणि किती जण ते पण लिहा.